‘पुढे न्या’ म्हणण्याआधी

‘रुग्णाची प्रकृती गंभीर. प्रथमोपचार करून पुढील उपचारासाठी जिल्हा रुग्णालयात पाठवीत आहे.’

सरकारी दवाखान्यात ज्याने सहा महिने काढले आहेत त्याच्या हाताला हे वाक्य पाठ असतं. मी ते शेकड्यांनी लिहिलं आहे. त्यातला ‘प्रथमोपचार’ हा शब्द फार सोयीचा. फुटलेल्या शिरेवर तासभर बोट दाबून धरणं त्यात बसतं, आणि नुसतं सलाईन लावून जीपमध्ये बसवणंही बसतं.

नोकरीचं पहिलं वर्ष. आदिवासी तालुक्यातलं प्राथमिक आरोग्य केंद्र, पावसाळा. पहाटे पाचच्या सुमारास एका बाईला आणलं. पोटात कळ येते, घसा धरल्यासारखा वाटतो, पापण्या उचलत नाहीत. रात्री जमिनीवर निजली होती. अंगावर दंशाची खूण नाही, सूज नाही. मण्यार अशीच चावते. झोपेत, दुखू न देता, आणि सकाळी माणूस पोट धरून उठतो. मला ते ओळखता आलं होतं. फ्रीजमध्ये सापाची लस होती. पण ती मी तोवर कुणाला दिली नव्हती. रिअॅक्शन आली तर काय करायचं हे वाचलेलं होतं, पाहिलेलं नव्हतं. वरिष्ठांना फोन लावला. ते म्हणाले, “कशाला रिस्क घेतोस? लिही आणि पाठव.” मी लिहिलं आणि पाठवलं. तेव्हा १०८ नव्हती. घाटात तिचा श्वास थांबला. जीपमध्ये ड्रायव्हर, नवरा आणि दीर एवढेच होते. श्वास द्यायची अँबू बॅग आमच्या कपाटात होती, खोक्यातून बाहेरही न काढलेली.

मला कुणी काही विचारलं नाही. चौकशी नाही, नोटीस नाही. माझा कागद स्वच्छ होता. लस टोचली असती आणि ती आमच्या खाटेवर गेली असती, तर मात्र दारात गर्दी जमली असती, पोलीस पाटील आला असता, वरून खुलासा मागवला गेला असता. त्या आठवड्यात मी जे शिकलो ते कुठल्याही परीक्षेत विचारत नाहीत. उपचार केला तर माझ्यावर येतं, पाठवलं तर रस्त्यावर जातं.

हे लिहायचं कारण असं, की दुर्गम भागातल्या तातडीच्या उपचारांबद्दल महाराष्ट्रात जी चर्चा होते ती जवळजवळ सगळी वाहतुकीची चर्चा असते. दरवर्षी पावसाळ्यात फोटो छापून येतो: बांबूला बांधलेली झोळी, त्यात बाळंतीण, खाली गुडघाभर पाणी आणि खांदा देणारे चार जण. फोटो खरा असतो आणि लाज वाटायला लावणाराही असतो. त्याखालची मागणी ठरलेली: रस्ता द्या, पूल द्या, अँब्युलन्स द्या, आणि अलीकडे हेलिकॉप्टर द्या. यातल्या एकाही मागणीला माझा विरोध नाही. पण झोळी जिथून निघाली त्या पाड्यावर, आणि जिथे ती पहिल्यांदा टेकली त्या आरोग्य केंद्रात, त्या बाईसाठी काय केलं गेलं हे फोटोत दिसत नाही. म्हणून ते कुणी विचारतही नाही.

१०८ चं श्रेय आधी देऊन टाकतो. २६ जानेवारी २०१४ ला राज्यात ही सेवा सुरू झाली, ९३७ गाड्यांनी. गाडीत डॉक्टर असणं ही महाराष्ट्राची खास गोष्ट. बहुतेक जण आयुर्वेदाचे पदवीधर. महामार्गावरच्या अपघातात, गाव-शहराच्या सीमेवर, जिल्ह्याच्या ठिकाणापासून तासाभराच्या पट्ट्यात या गाड्यांनी माणसं वाचवली आहेत, यात वाद नाही. पुढे दुचाकी अँब्युलन्स आल्या. सरदार सरोवराच्या फुगवट्याने तुटलेल्या नंदुरबारच्या गावांसाठी तरंगता दवाखाना आला. पण गाडी धडगावच्या एखाद्या पाड्याकडे निघते तेव्हा गणित बदलतं. आधी फोन लागला पाहिजे. मग गाडी येणार, जिथे रस्ता संपतो तिथे थांबणार, माणूस झोळीतून तिथवर येणार, आणि मग ती परत तितकंच अंतर कापणार. हे सगळं नीट जमलं तरी चार-पाच तास जातात. मण्यारीचं विष इतका वेळ थांबत नाही, आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव तर मुळीच नाही.

‘गोल्डन अवर’ हा शब्द आपल्याकडे भाषणांत फार वापरतात. तो कुठून आला ते पाहा. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातले शल्यचिकित्सक आर. अॅडम्स काउली यांनी तो रूढ केला. त्यांच्या मेरीलँड राज्यात पोलिसांची हेलिकॉप्टर जखमींना थेट त्यांच्या केंद्रात उतरवत. राज्य लहान, रस्ते गुळगुळीत, केंद्र एक आणि सुसज्ज. तिथे ‘तासाभरात पोचवा’ हे धोरण होऊ शकत होतं. गडचिरोलीतल्या भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की तालुकाच्या तालुका जगापासून तुटतो. तिथे तो तास घड्याळात असतो, रस्त्यावर नसतो. तिथे एकच विचारण्यासारखं उरतं: माणूस जिथे आहे तिथे, जे हात हजर आहेत त्यांना, काय येतं आणि काय करायची परवानगी आहे?

याचं उत्तर महाराष्ट्रात दोनदा तरी ठणठणीत मिळालेलं आहे. दोन्ही वेळा आपण सत्कार केले आणि उत्तर बाजूला ठेवलं.

पहिलं उत्तर महाडजवळच्या बिरवाडीचं. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावून माणसं, त्यातही मुलं, पटापट मरत. असा विंचू चावलेल्याला आधी प्रचंड घाम फुटतो, ओकाऱ्या होतात, हातपाय बर्फासारखे पडतात. विषामुळे शरीर स्वतःच्याच उत्तेजक द्रव्यांचा लोंढा सोडतं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि शेवटी फुप्फुसात पाणी भरून तोंडातून गुलाबी फेस येतो. दाखल होणाऱ्या शंभरातले पंचवीस-तीस जण तेव्हा दगावत. त्यांना मुंबईला पाठवावं तर वाटेतच संपत. त्यामुळे मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांनी हा आजार त्याच्या खऱ्या रूपात पाहिलेलाच नव्हता! बावस्करांनी रुग्ण ठेवून घेतले. रात्र रात्र खाटेशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, फेस यांची टिपणं केली. १९८२ मध्ये ती निरीक्षणं ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. मग त्यांनी रक्तदाबाची एक साधी गोळी वापरून पाहिली: प्राझोसिन. जे विष रक्तवाहिन्या आवळतं त्याच्या नेमकी उलट दिशा धरणारी. १९८६ मध्ये तेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं. त्या गोळीनंतर मृत्यूचं प्रमाण शेकडा एकावर आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

ही गोष्ट आपण ‘खेड्यातला डॉक्टर जगप्रसिद्ध झाला’ अशी सांगतो. मला त्यातलं दुसरंच महत्त्वाचं वाटतं. तो उपचार सापडला तो एका माणसाने पुढे पाठवायचं थांबवलं म्हणून. त्यासाठी अतिदक्षता विभाग लागला नाही. एक गोळी लागली, रक्तदाबाचं यंत्र लागलं, आणि खाटेशेजारी बसून राहण्याची तयारी लागली. आता उलटा प्रश्न. आज एखाद्या नव्या वैद्यकीय अधिकाऱ्याने असं काही करून पाहिलं, दहा रुग्ण ठेवून घेतले आणि त्यातले दोन गेले, तर त्याचं काय होईल? मला उत्तर माहीत आहे, तुम्हालाही.

दुसरं उत्तर गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं. न रडणाऱ्या बाळाला श्वास द्यायला शिकवलं. आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर जेन्टामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांतले नवजात बालमृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटले होते. नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ही शब्दशः आणीबाणी आहे. सकाळी दूध सोडलेलं बाळ रात्रीपर्यंत जातं. ती आणीबाणी झोपडीत, कंदिलाच्या उजेडात, गावातल्या बाईने हाताळून दाखवली.

पुढे काय झालं? २०११ पासून देशाने या कामातला एक भाग उचलला. आशाताई घरी जाऊन बाळाचं वजन करते, ताप पाहते, आईशी बोलते. हे चांगलंच झालं. इंजेक्शन मात्र तिच्या हाती दिलं नाही. ज्या एका गोष्टीने आणीबाणीचं उपचारात रूपांतर होत होतं तीच गाळली. तिने लक्षणं ओळखायची, आणि मग? पुढे पाठवायचं.

कोणी म्हणेल, कमी शिकलेल्यांच्या हातात सुई देणं म्हणजे गरिबांना दुय्यम दर्जाचं वैद्यक देणं. पुण्या-मुंबईच्या बाळाला बालरोगतज्ज्ञ आणि अहेरीच्या बाळाला आशाताई? हा आक्षेप मी हलका समजत नाही, कारण त्यामागे न्यायाची भावना आहे. पण तो घेणाऱ्याने एक गोष्ट लक्षात घ्यावी. अहेरीच्या त्या बाळापुढे तज्ज्ञ आणि आशाताई असे दोन पर्याय नाहीतच. आशाताई आणि कुणीच नाही, असे दोन आहेत. तज्ज्ञ अहेरीला यावा म्हणून जरूर भांडू, मीही भांडतो. तो येईपर्यंतच्या वर्षांत जन्मलेल्या बाळांना काय सांगायचं, तेही मग सांगावं लागेल.

बाहेरच्या देशांकडे पाहिलं तर तिथल्या शहाण्यांनी हा गुंता केव्हाच सोडवला आहे. ऑस्ट्रेलियात १९२८ साली, क्वीन्सलँडमधल्या क्लॉनकरी गावातून, विमानाने जाणाऱ्या डॉक्टरांची सेवा सुरू झाली. जॉन फ्लिन नावाच्या धर्मोपदेशकाची ती कल्पना. आपल्याकडे कुणी तिचं नाव काढलंच तर विमानाचंच कौतुक करतं. पण त्या सेवेची मला सगळ्यात आवडलेली वस्तू म्हणजे एक पेटी. १९४० च्या दशकापासून शेकडो मैलांवरच्या एकाकी मेंढपाळ वस्त्यांवर औषधांच्या पेट्या ठेवल्या गेल्या, आणि प्रत्येक औषधावर नुसता क्रमांक. पायडल मारून चालणाऱ्या रेडिओवर घरातली बाई लक्षणं सांगायची, डॉक्टर पलीकडून म्हणायचा, नऊ नंबरची एक गोळी आता द्या, दोन तासांनी पुन्हा बोला. विमान निघायचं ते त्यानंतर, लागलंच तर. निर्णय डॉक्टरचा, जबाबदारी डॉक्टरची, हात मात्र तिथल्या माणसाचे. पेटीला कुलूप लावून ‘वापरण्यापूर्वी वरिष्ठांची लेखी परवानगी घ्यावी’ असं त्यांनी लिहिलं नाही, एवढीच त्यांची हुशारी.

आणखी लांबचं उदाहरण अंटार्क्टिकाचं. एप्रिल १९६१ च्या अखेरीस तिथल्या नोवोलाझारेव्स्काया या सोव्हिएत तळावर लिओनिद रोगोझोव्ह या सत्तावीस वर्षांच्या डॉक्टरला अॅपेंडिक्स झालं. तळावर दुसरा डॉक्टर नाही, हिवाळा सुरू, जहाज येणार नाही. त्याने भूल नुसती कातडीला देऊन, आरशात पाहत, पावणेदोन तासांत स्वतःचं अॅपेंडिक्स स्वतः काढलं. हत्यारं हातात द्यायला सोबत हवामानशास्त्रज्ञ आणि मेकॅनिक. हा पराक्रम कुणी गिरवावा असं मी मुळीच म्हणत नाही. सांगायचं एवढंच, की त्या तळापासून चार-पाच किलोमीटरवर आज आपलं ‘मैत्री’ हे संशोधन केंद्र आहे. तिथे हिवाळ्यात राहणाऱ्या तुकडीबरोबर भारत सरकार डॉक्टर पाठवतं, आणि पाठवतं तेव्हा ‘पुढे न्या’ हा पर्याय नाही हे धरून सगळी तयारी करतं. याच सरकारच्या डोक्यात ऑगस्टमधल्या भामरागडबद्दल हा विचार येत नाही. नकाशावर तिथून रस्ता निघतो ना, मग झालं. तो रस्ता वर्षातले किती दिवस पाण्याखाली असतो हे नकाशा सांगत नाही.

इथे हेमलकशाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. १९७३ पासून तिथे जे घडलं ते महाराष्ट्राला पाठ आहे. अस्वलाने चेहरा फाडलेला माणूस, अडलेली बाई, मेंदूत चढलेला मलेरिया, आणि जवळपास काहीही नाही. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी पाठवायला जागाच नव्हती म्हणून स्वतः केलं, करता करता शिकले. आपण त्यांना संतपदी बसवलं. तिथेच आपली चूक झाली असं मला वाटतं. संत म्हटलं की अनुकरणाची जबाबदारी संपते. त्यांनी जे केलं ते शिकवता येण्यासारखं कौशल्य आहे, त्याचा अभ्यासक्रम होऊ शकतो, त्याच्या परीक्षा होऊ शकतात. तातडीच्या वैद्यकाला आपल्या देशात स्वतंत्र पदव्युत्तर विषय म्हणून मान्यता मिळाली २००९ मध्ये. ही पदवी घेतलेले डॉक्टर आज दिसतात ते बहुतांशी शहरांतल्या मोठ्या खासगी रुग्णालयांच्या काचेच्या दारांमागे. आणि दुर्गम तालुक्यात कोण जातं? बाँडवरचा ताजा एमबीबीएस, किंवा भरारी पथकातला मानसेवी डॉक्टर, ज्याचं मानधन थकलेलं असतं. बाकी कुणाची बदली तिकडे झाली की सहकारी विचारतात, “काय रे, कुणाशी वाकडं घेतलंस?”

या मुलांना भित्रं म्हणणं सोपं आहे. मीही त्यातलाच होतो म्हणून सांगतो, ती भीती हिशोबी असते. कायदा खरं तर त्यांच्या बाजूने उभा आहे. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात प्रश्न असाच होता. गाडीने उडवलेल्या स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने घेतलं नाही, पोलीस केस घ्यायचा अधिकार असलेल्या वीस किलोमीटरवरच्या रुग्णालयात न्यायला सांगितलं, आणि तो वाटेत गेला. सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की जीव वाचवणं पहिलं, कागद नंतर. १९९६ मध्ये पश्चिम बंगालच्या हकीम शेख यांचं प्रकरण आलं. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या या मजुराला आरोग्य केंद्राने पुढे पाठवलं, आणि पुढच्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी ‘सोय नाही, खाट नाही’ म्हणून परतवलं. वेळेवर उपचार न देणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असं न्यायालयाने तेव्हा म्हटलं. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने डॉक्टरवर फौजदारी निष्काळजीपणाचा आरोप ठेवायला चांगलीच वरची पायरी लावली. २०१० मध्ये महाराष्ट्राने दवाखान्यांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा केला. हे सगळं पुस्तकात आहे. पहाटे अडीचला, दोन सिस्टर आणि एक शिपाई एवढ्या बळावर, बाहेर चाळीस माणसं उभी असताना पुस्तक उघडायला सवड नसते.

शिवाय हिशोब ठेवायची पद्धतच उलटी आहे. मृत्यू जिथे नोंदला जातो त्या ठिकाणाच्या खात्यावर पडतो. जिल्हा रुग्णालयाच्या दारात पोचून दहा मिनिटांत गेलेला माणूस जिल्हा रुग्णालयाचा. वाटेत गेलेला कुणाचाच नाही. माझ्या आरोग्य केंद्रात त्या वर्षी सर्पदंशाने शून्य मृत्यू झाले, आणि मासिक बैठकीत त्याबद्दल बरं बोललं गेलं! देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८,०००, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. अभ्यासकांनी तो घरोघरच्या मृत्यूंच्या चौकशीवरून काढला. आमच्यासारख्यांच्या रजिस्टरांवरून काढला असता तर साप या देशात जवळपास कुणाला मारतच नाहीत असं दिसलं असतं. केंद्राने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आणला. २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करायचे असं त्यात म्हटलं आहे. चांगलं आहे. पण पाठवल्यानंतर चोवीस तासांत गेलेला रुग्ण पाठवणाऱ्याच्याही नोंदीत येत नाही तोवर निम्मे झाले की नाही हे कळणार कसं? त्या नोंदीवरून कुणाला नोटीस द्यावी असं मी म्हणत नाही. नोटीस दिलीत तर लोक आणखी लवकर पाठवतील. पाठवणाऱ्याला निदान कळावं तरी, की आपण पाठवलेल्या माणसाचं पुढे काय झालं. माझ्या नऊ वर्षांच्या सरकारी नोकरीत जिल्ह्याच्या रुग्णालयातून असा फोन मला चारदा आला. त्यातले दोन फोन कागद अपुरे आहेत म्हणून.

मग करायचं काय, तर फार महागाचं काही नाही. नाग किंवा मण्यार चावलेल्याचा जीव वाचतो तो श्वास चालू ठेवल्याने. मण्यारीने एकदा स्नायू लुळे पाडले की लस ते लगेच परत आणत नाही. ते सावरेपर्यंत कुणीतरी बॅग दाबत राहावं लागतं. सहा तास लागोत, सोळा लागोत. दर दोन-तीन सेकंदांनी नव्हे, पाच-सहा सेकंदांनी, छाती उचललेली दिसेल इतकंच. हे दहावी झालेल्या दिराला वीस मिनिटांत शिकवता येतं. मी नंतर शिकवलं आहे. घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर रक्त गोठतं का हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. स्वच्छ कोरडी काचेची नळी, थोडं रक्त, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग तिरकी करून बघायचं. नळी काचेची हवी, प्लास्टिकच्या नळीत ही चाचणी फसवते. आणि खरेदी होऊन येतात त्या नळ्या बऱ्याचदा प्लास्टिकच्या असतात. लसीची रिअॅक्शन आलीच तर मांडीत अॅड्रेनलिन. झटके येणाऱ्या गरोदर बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊनच पाठवावं, आणि तो परिचारिकेने द्यावा, याला केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांची मुभा आहे. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात ट्रानेक्झॅमिक अॅसिड तीन तासांच्या आत दिलं तर उपयोगी पडतं हे २०१७ मध्ये वीस हजार स्त्रियांच्या अभ्यासातून दिसलं. धडगावहून नंदुरबारला पोचेपर्यंत ते तीन तास कुठे जातात हे वर सांगितलंच.

मुभा आहे, औषध आहे, तरी दिलं जात नाही, कारण देणाऱ्याच्या पाठीशी नाव नसतं. म्हणून माझी पहिली मागणी गाडीची नाही, फोनची आहे. दर जिल्ह्याला चोवीस तास एक अनुभवी डॉक्टर केवळ फोनवर, दुसरं काम नसलेला. तो म्हणेल, “द्या, मी सांगतोय,” आणि ते रेकॉर्ड होईल, आणि पुढे काही झालं तर उत्तर तो देईल. ऑस्ट्रेलियाच्या पेटीचं मर्म क्रमांकांत नव्हतं, रेडिओच्या पलीकडच्या आवाजात होतं. मला त्या पहाटे असा आवाज मिळाला असता तर मी लस दिली असती. मिळाला तो आवाजही वरिष्ठांचाच होता, पण त्यांनाही स्वतःचा कागद स्वच्छ ठेवायचा होता. त्यांना मी दोष देत नाही. आज त्यांच्या जागी मी असतो तर काय म्हणालो असतो, याची मला खात्री देता येत नाही.

दुसरी मागणी सरावाची. आठवड्यातून एकदा, अर्धा तास, बाहुलीवर श्वास देणं, रक्तस्रावाचा डोस भरणं, नळी शोधून दाखवणं. सिस्टर, शिपाई, ड्रायव्हर सगळ्यांनी. आज प्रशिक्षण होतं ते जिल्ह्याच्या हॉटेलात, प्रोजेक्टरवर, जेवणासकट. तिथे शिकलेलं घाट चढेपर्यंत उतरतं.

इथेच माझ्या म्हणण्याची मर्यादाही सांगायला हवी, नाहीतर ते बढाई होईल. सगळं जागेवर होत नाही. फाटलेलं गर्भाशय, कवटीच्या आत साचलेलं रक्त, फुटलेली प्लीहा यांना शस्त्रक्रिया लागते, आणि तिथे प्रत्येक मिनिट वाया घालवणं गुन्हा आहे. दोन्हींतला फरक ओळखता येणं हीच खरी तातडीच्या वैद्यकाची विद्या. आणि सगळ्यात मोठी भिंत रक्ताची. रक्तपेढीविना, दात्याच्या अंगातून काढून तपासून थेट रुग्णाला चढवणं आज बेकायदा आहे. एचआयव्हीच्या भीतीच्या काळात, व्यावसायिक रक्तदात्यांचा बाजार मोडायला हे नियम आवळले गेले, आणि तेव्हा ते योग्यही होतं. पण आता झटपट तपासणीच्या पट्ट्या आहेत, आणि ग्रामीण शल्यचिकित्सक कित्येक वर्षं ही मुभा मागत आहेत. १९३६-३७ मध्ये स्पेनच्या युद्धात नॉर्मन बेथ्यून हा कॅनडाचा शल्यचिकित्सक दुधाच्या बाटल्यांत रक्त भरून ते गाडीतून आघाडीवर नेत होता. जखमीला रक्तापर्यंत आणण्याऐवजी रक्त जखमीपर्यंत. पुढे चीनमध्ये, त्याच्याच नावाच्या रुग्णालयाची धुरा सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांनी घेतली आणि १९४२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच देह ठेवला. आपण कोटणीसांचं स्मारक केलं. त्यांनी खेड्यातल्या पोरांना हाताशी धरून, आघाडीलगत, गुहांत आणि देवळांत शस्त्रक्रिया केल्या हे मात्र आपल्या आरोग्य खात्याच्या कुठल्याही परिपत्रकात उतरलं नाही.

नातेवाइकांबद्दलही एक शब्द. मंत्र-झाडपाला करणाऱ्या भगताकडे, भुमकाकडे आधी जातात म्हणून उशीर होतो, असं आम्ही डॉक्टर नेहमी म्हणतो. खरं आहे ते. पण भगत त्यांना हात लावतो. काहीतरी करतो, त्यांच्यादेखत, त्यांच्या अंगणात. आम्ही चिठ्ठी देतो. तिसऱ्यांदा चिठ्ठीच मिळणार असेल तर पाचशे रुपये जीपला घालून आरोग्य केंद्रात कोण येईल?

सुरुवात कागदापासूनच करायची तर त्या छापील चिठ्ठीतलं ‘प्रथमोपचार करून’ खोडावं आणि तिथे चार रिकाम्या ओळी द्याव्यात. काय दिलं, किती वाजता दिलं, कुणाच्या सांगण्यावरून दिलं, आणि सोबत श्वास देऊ शकणारं कोण आहे. भरल्याशिवाय गाडीला चावी लावायची नाही. त्या पहाटेच्या माझ्या चिठ्ठीवर या ओळी असत्या तर पहिलीपुढे मी ‘सलाईन’ लिहिलं असतं, दुसरीपुढे ‘५.४०’. खालच्या दोन कोऱ्या राहिल्या असत्या.